प्रॉम्प्टरची पोरगी

नागभीडच्या रिनाला शांतता सोसत नसे, आणि त्यापायीच ती मागच्या वर्षी नापास झाली. हसू नका! बाप झाडीपट्टीतल्या नाटकांचा प्रॉम्प्टर असला की पोरगी अशीच निपजते. हेमराजभाऊ पडद्याआड बसून नटांना वाक्यं पुरवायचे. दिवाळी ते होळी रोज नवं गाव, पाठांतराला सवड कोणाला? नट अडकला रे अडकला की शब्द त्याच्या कानावर पडलाच पाहिजे. बापाचा घसा बसला की नाटकाचं पुस्तक रिना धरायची.

रिना करत होती त्या विशेष शिक्षणाच्या पदविकेत नेमकं उलटं, तिथे मुलाच्या शब्दाची वाट बघायची. बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यास, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर सराव, आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकांसमोर पाठ. पाठात पास झालं तर पदविका, पदविका असेल तर पुनर्वसन परिषदेत नोंदणी. ती नसेल तर विशेष शाळेत शिक्षक म्हणून कोणी उभं करत नाही, मग तुम्ही साधं बी.एड. का केलेलं असेना. रिना तालुक्यातल्या विशेष शाळेत मदतनीस होती. तिथली शिक्षिकेची जागा जूनमध्ये भरायची होती, आणि रिनाचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता. पण मागच्या पाठात मुलाने तोंड उघडायच्या आत हिनेच उत्तर देऊन टाकलं. झालं, वर्ष पाण्यात!

बापाला ते काही पटेना. "अटकलेल्याले शब्द देनं गुन्हा हाय का? लेकरं सांभाळाले कायले पायजे एवढ्या डिग्र्या?"

"सांभाळाले नाई, बाबा. शिकवाले."

यंदा पाठ होता शाळेतल्याच करिष्माबरोबर. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत ही पोरगी हरवली होती, आणि विचारणाऱ्या कोणालाही तिला आपलं नाव सांगता आलं नव्हतं. आई दिवसभर ऊर बडवत फिरली. म्हणून रिनाने पाठ घेतला तो एवढाच: अनोळखी माणसाने विचारलं तर नाव सांगायचं.

परीक्षक बाई नागपूरहून आल्या होत्या. करिष्मासमोर बसून त्यांनी विचारलं, "तुझं नाव काय गं?"

करिष्मा बघत राहिली. नुसती बघत राहिली! मुख्याध्यापिका पदर पिळू लागल्या. रिनाच्या घशात ते नाव येऊन बसलं होतं, जिभेच्या टोकावर नाचत होतं. तिने ओठ दातांखाली असा धरला की रक्ताची चव आली. बोल गं माय, बोल. जून बुडाला तर बुडाला, पण पुढच्या मंडईत तुला कोण आणून देईल?

करिष्माचे ओठ हलले, पुन्हा मिटले. परीक्षक बाईंनाच राहवेना. त्या पुढे वाकल्या. "सांग ना बाळा... करि..."

"बाई, शब्द नका देऊ तिले!"

खोलीत सगळे गारठले. परीक्षकाला कोणी दटावतं का? मेली, आता यंदाही गेलं! बाईंचा चेहरा लाल झाला. पण त्या मागे सरकून बसल्या, हाताची घडी घालून, आणि कोणी काही बोललं नाही. बाहेर एक मोटारसायकल येऊन गेली तरी कोणी बोललं नाही.

"करिष्मा," पोरगी म्हणाली. मग बाईंकडे बोट करून तिने विचारलं, "तुयं?"

"अं?" बाई पार गडबडल्या. सगळी खोली थांबली, रिनाही थांबली. "माझं... माझं सुनंदा."

"सुनंदा," करिष्मा म्हणाली आणि खुशीत हसली.

बाई रिनाकडे वळल्या. "हे उलट विचारणं तुम्ही शिकवलंत?"

खोटं बोलली असती तर चार गुण जास्तीचे मिळाले असते. "नाई बाई," रिना म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "थे तिनंच इचारलं."

"मग रडता कशाला?" बाई म्हणाल्या. "नोंदणीच्या मागे लागा. जून काही लांब नाही."