भोंग्यावर लावलेली गिटार

रस्त्यात लिंबू-मिरची दिसली की मुद्दाम त्यावर पाय देऊन जाणाऱ्यांतली मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण झालं ते झालं.

मी पुण्यात जॅझ गिटार वाजवते, गाते. लहानपण वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील – आमचे नाना – कारखान्यात टर्नर. बदली झालेल्या एका साहेबांनी दिलेली गिटार ते वाजवायचे. कारखान्याच्या सकाळच्या भोंग्यावर अख्खी कॉलनी घड्याळं लावायची, नाना गिटार लावायचे! भोंगा खऱ्या सुरापेक्षा जरासा खाली, म्हणून नानांची गिटारही कायम तेवढीच खाली. मी तिच्यावरच शिकले.

पुढे पुण्यात जाऊन शहाणी झाले. एकदा घरी आल्यावर त्यांच्या गिटारला सूर तपासायचा ट्यूनर लावला आणि चार शेजाऱ्यांदेखत म्हटलं, नाना, आयुष्यभर बेसूर वाजवलंत तुम्ही.

ते हसले. "असंल बाई. आमचा भोंगा तसाच हाय."

त्यानंतर ते माझ्यासोबत कधी वाजवायला बसले नाहीत. माफी उद्या मागू, उद्या मागू म्हणत राहिले आणि नाना गेले. उरलं ते आईनं मोबाइलवर केलेलं एक रेकॉर्डिंग – नाना अंगणात एकटेच वाजवतायत.

यंदा मी पहिला अल्बम केला, पॉप आणि सोलचा. जॅझवाले मित्र नाकं मुरडतात, मुरडोत. आई आता इंदापूरला मामाकडे असते, तिला येता यावं म्हणून बारामतीत सचिनच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग ठेवलं. शेवटचं गाणं नानांच्या त्या रेकॉर्डिंगमधल्या चालीवर. सचिन म्हणाला, त्यांचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरनं खऱ्या सुरात ओढून तुमच्या गाण्याला जोडू. मी नको म्हटलं. त्यांना एकदा सुधारलं होतं, तेवढं पुरे. मग मीच माझ्या तारा त्यांच्या सुराला उतरवून पाहिल्या, तर पहिल्या ओळीपुढे गाणं जाईचना. शेवटी खऱ्या सुरात एकटीनंच वाजवायचं ठरवलं.

दुपारची वेळ. ट्यूनर हिरवा, म्हणजे सूर बरोबर – मी पाहिला, सचिननं पाहिला. एका दमात गायले. ऐकतो तर गिटार खाली, माझा आवाजही खाली. पुन्हा ट्यूनर, पुन्हा हिरवा. पुन्हा गायले, पुन्हा खाली! सचिननं केबल बदलली, माइक बदलला. आधीची नऊ गाणी मात्र जागच्या जागी.

"ताई, मशीन बरोबर हाय, तुमी बी बरोबर हाय," तो म्हणाला. "मग खाली कोण वडतंय?"

आई सोफ्यावर बसून ऐकत होती. "ह्यांचं लाव की त्याच्यासंगं," ती म्हणाली.

सचिननं लावलं... केसाचाही फरक नाही. मी जिथे श्वास घ्यायला थांबले होते, तिथे नाना वाजवत होते. लय मला पाठ असेल म्हणा, पण सूर? मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मला किती आठवण येत होती, ते मलाच तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी तीच गिटार, तोच ट्यूनर – सगळं नेमकं. कारण आजवर सापडलेलं नाही. सचिन अजून केबली तपासतोय.

गाणं तसंच ठेवलं. लोक कळवतात, शेवटचं गाणं जरा बेसूर वाटतं. मी प्रत्येकाला एकच उत्तर लिहिते – असंल. आमचा भोंगा तसाच हाय.