दगडांची ओळख परेड

ज्या माणसाच्या मदतीने मला चोर सापडणार होता, त्यालाच मी चोर समजून भोरच्या भर बाजारातून जीपमध्ये घालून आणले. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण वाटेत एखादा तेल लावलेला धोंडा दिसला की तो दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो आणि हसू येते. त्या वेळी मात्र हसत होते ते बाकीचे.

तेव्हा मी वेल्ह्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पानशेतच्या वर डोंगराला लागून असलेल्या एका लहान गावातून पोलीस पाटलांचा फोन आला, गावचा 'बाबा' चोरीला गेला. मला वाटले माणूस बेपत्ता आहे, म्हणून मी वय विचारले. पाटील म्हणाले, पाच-सहाशे वर्षे असेल.

बाबा म्हणजे वीरगळ. लढाईत पडलेल्या कोणा पुरुषाच्या नावाने कोरून उभा केलेला दगड. भात लावणीच्या आधी गाव त्याला नारळ देई आणि दर अमावास्येला एक म्हातारी तेल-शेंदूर लावी. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललेले, त्यामुळे शेंदराचा थर एवढा जाड, की खाली काय कोरले आहे ते गावात कोणीच पाहिलेले नव्हते. मी फिर्यादीत वर्णन लिहून घेतले: उभा दगड, उंची अंदाजे तीन फूट, रंग शेंदरी. अशा दगडाचा रंग लिहिणारा अधिकारी माझ्याआधी झाला असेल असे वाटत नाही.

संशय कोणावर, असे विचारताच सगळे गाव एकच गोष्ट सांगू लागले. भोरहून एक निवृत्त गुरुजी यायचे, टेप लावून दगड मोजायचे, वहीत लिहायचे. मला आणखी काय हवे होते! दुसऱ्या दिवशी मी स्वतः भोरला गेलो आणि भाजीची पिशवी हातात असलेल्या गुरुजींना उचलले. पिशवीतली मेथी ठाण्यात संध्याकाळपर्यंत सुकली.

चौकशीत गुरुजी डगमगले नाहीत. हिर्डोशीच्या वाड्यांपासून भोंगवलीपर्यंत एसटी जाईल तिथवर एसटीने आणि पुढे पायी फिरून ते भोर आणि वेल्हे तालुक्यांचा इतिहास लिहीत होते. कोणाच्या घरातली सनद, कोणत्या पाणवठ्यावरचा दगड, कोण कुठून येऊन वसले, अशा नोंदी. मी अधूनमधून टेबलावर हात आपटत होतो, कारण आवाजाने माणूस बोलता होतो अशी माझी समजूत होती. शेवटी वही जप्त केली आणि त्यांना घरी सोडले. पंचनाम्यात लिहिले: निळ्या पुठ्ठ्याची वही, पाने एकशे ब्याण्णव. पाने मोजली. वाचली नाहीत.

दोन दिवसांनी गुरुजी आपणहून आले. चार गावांतून त्यांना निरोप गेले होते, सध्या आमच्याकडे येऊ नका. एका घरातून तर, आमचे जुने कागद तुम्ही पाहिले त्याचे पुढे काय केलेत, अशी विचारणा झाली होती. ते खुर्चीवर बसलेही नाहीत.

"साहेब, वही आज ना उद्या तुम्ही परत द्याल. पण माझी गावं कशी परत देणार?"

मी कामात असल्यासारखा स्टेशन डायरी चाळत राहिलो.

त्याच दुपारी मुद्देमाल सांभाळणारे आमचे हवालदार ती वही घेऊन माझ्या खोलीत आले. जेवताना सहज उघडली, त्यात त्यांच्याच गावाची माहिती निघाली, म्हणून वाचत सुटले होते. त्यांनी एका पानावर बोट ठेवले. गुरुजींनी लिहिले होते, 'दगड पाहून उतरताना टेम्पोवाला भेटला. पानशेतकडच्या बंगल्यांच्या बागा करतो म्हणाला. दगडावर हक्क कोणाचा, असे दोनदा विचारले. टेम्पोच्या मागच्या फळीवर मोर.'

मी गुरुजींना फोन लावला आणि हे तेव्हाच का सांगितले नाही, असे जरा चढ्या आवाजात विचारले.

"तीनदा सांगायला गेलो," गुरुजी म्हणाले. "तिन्ही वेळा तुम्ही टेबल बडवलंत."

मोराचा टेम्पो सापडायला दोन दिवस लागले. त्याचा मालक बागांचे ठेके घेणारा. त्याने नुकतीच केलेली एक बाग पाहिली, तर हिरवळीवर कारंज्याशेजारी एक वीरगळ उभा! पण तो काळाभोर, घासूनपुसून लख्ख, घोडे आणि माणसे स्वच्छ दिसणारा. बंगल्याच्या मालकाला काहीच माहीत नव्हते. ठेकेदार म्हणाला, हा जिल्ह्याबाहेरून आणलेला आहे, तुमची फिर्याद तर शेंदरी दगडाची आहे. माझ्या हातातल्या फिर्यादीवर बोट ठेवून माझेच अक्षर मला दाखवले त्याने.

पोलीस पाटलांना आणले. त्यांनी दगडाला तीन फेऱ्या मारल्या आणि मान हलवली. "ह्यो आमचा बाबा न्हाई सायेब. आमचा बाबा लाल हाय." बरोबरच्या दोघांनीही तेच सांगितले. गाव स्वतःच्याच देवाला ओळखेना.

तेव्हा गुरुजींनीच सुचवले, तेल लावणाऱ्या आजींना बोलवा. कायद्याने ओळख पटवायची तर तशाच वस्तूंमध्ये मिसळून पटवावी लागते. गुरुजींच्या वहीतून आसपासच्या बेवारस पडलेल्या वीरगळांचा पत्ता मिळाला. तहसीलदारांची परवानगी काढून तीन आणले आणि बंगल्यातला धरून ठाण्याच्या आवारात चार दगड ओळीने उभे केले. त्यांना दावणी बांधलेल्या म्हशींसारखे उभे करताना माझ्या शिपायांची कंबर मोडली.

आजी आल्या, चपला काढल्या. दगड दाखवण्याआधी पंचांसमोर त्यांचा जबाब घेतला. बाबाच्या अंगावर काही खूण? त्या म्हणाल्या, खालच्या अंगाला डाव्या हाताशी भोक आहे, बोट दोन पेरं आत जातं, तेल तिथंच साचतं. गुरुजींच्या वहीत त्याच जागी खळग्याची नोंद होती, खोलीसकट.

मग आजी दगडांसमोर आल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मी म्हणालो, आजी, नीट बघून सांगा.

"बगायचं काय? त्याला म्या कवा बगितलंय? हात लावलाय."

पहिल्या दगडावरून हात फिरवून त्या पुढे गेल्या, दुसऱ्यावरूनही. तिसऱ्यापाशी हात डावीकडे खाली सरकला आणि बोट आत गेले. आजींनी डोळे उघडून बोट वर धरले. टोकाला शेंदूर होता. ठेकेदाराने तारेच्या ब्रशने सगळा दगड सोलून काढला होता, पण त्या खळग्यात त्याचा ब्रश पोचला नव्हता.

शिपायांजवळ उभा केलेला ठेकेदार दगड कोणी उचलला, टेम्पोत कसा चढवला, ते न विचारता सांगू लागला. टेबल बडवावे लागले नाही.

या प्रकरणाने मला एक शिकवले. आपण कागदावर वर्णन लिहितो ते आपल्याला दिसते तेवढेच असते. वर्षानुवर्षे हात लावणाऱ्याला आणि पायपीट करून नोंद करणाऱ्याला त्याहून जास्त ठाऊक असते. त्यांना आधी विचारावे, मग जीप काढावी.

गुरुजींना मी लेखी दिलगिरी देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही. म्हणाले, गावासमोर येऊन सांगा. कोर्टाच्या हुकमाने दगड गावाच्या ताब्यात गेला, तेव्हा ट्रॅक्टरवर बाबाशेजारी गुरुजींना बसवले होते आणि ज्या चार गावांनी निरोप पाठवले होते, त्यांची माणसे हार घेऊन आली होती. त्यातल्या एकाने जुन्या कागदांची पेटीच आणली होती, उद्या नको, आजच बघा म्हणून. गुरुजी चष्मा पुसत राहिले.

मी पूर्ण गणवेशात पुढे झालो आणि माझी चूक सांगितली. पहिल्यापासून, तपशिलात, कलमांसह. दहा मिनिटे झाली असतील, मला चांगलाच सूर सापडला होता. तेवढ्यात तेलाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या,

"चूक येवढीशी, आन भाषान केवडं. सरका तिकडं, बाबा उनात हाय."