तीन नोंदी कमी

ऑफिसात त्यांना ‘झालंच’ म्हणत. काहीही सांगा, काम ऐकून व्हायच्या आत त्यांच्या तोंडून ‘झालंच’ निघे. वीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं.

या खेपेला काम होतं जुन्या सर्व्हरवरचा कोड नव्यावर नेण्याचं. नुसता कोड नव्हे. चौदा वर्षांत कुणी, कधी, काय आणि का बदललं, याच्या बासष्ट हजारांवर नोंदी. जुना सर्व्हर शुक्रवारी बंद होणार होता. नोंदी नेणारा प्रोग्रॅम झालंचांनीच लिहिलेला. पण मध्येच जोडणी तुटली, की तो सारं पुसून पुन्हा पहिल्या नोंदीपासून श्रीगणेशा करी. दोनदा तो चाळीस हजारांपुढे जाऊन कोसळला.

“गुरुवार संध्याकाळपर्यंत बघू,” साहेब म्हणाले. “नाहीतर आजचा कोड घ्या आणि इतिहासाला रामराम. वाचतं कोण तो?”

झालंच वाचत. नऊ वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एका बाईंची नोंद त्यांना पाठ होती: ‘ही ओळ निरुपयोगी दिसते. काढू नये. मी काढली होती.’ त्या नोंदीमुळे ती ओळ आणि झालंचांची नोकरी, दोन्ही आजवर टिकून होत्या.

मंगळवारी त्यांनी प्रोग्रॅमला खूण ठेवायला शिकवलं. कितव्या नोंदीपर्यंत आलो तो आकडा एका फाइलीत लिहायचा, तुटलं तर तिथून पुढे. बुधवारी जोडणी तीनदा तुटली. तिन्ही वेळा प्रोग्रॅम गुमान तिथूनच पुढे सुरू झाला. पाच वाजता झालंचांनी साहेबांना “झालंच” कळवलं आणि मग सहज मोजलं. तीन नोंदी कमी भरल्या. त्यांतली एक त्या बाईंची.

घरी बायकोने मशीनमधले कपडे वाळत घालायला सांगितले. थोड्या वेळाने तिने विचारलं, “घातलेत?”

“झालंच.”

ती बाल्कनीत डोकावून आली. “बादलीत आहेत.”

“घालणारच होतो. फोन आला मध्ये.”

“तुमचं ‘झालंच’ आधी येतं, काम मागून. मध्ये फोन आला की कपडे बादलीत कुबटतात, आणि मी आपली समजते वाळताहेत.”

झालंच तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

“माझ्याकडे काय बघताय? कपड्यांकडे बघा.”

प्रोग्रॅम मालकाच्याच वळणावर गेला होता. नोंद पोचवण्याआधीच तो आकडा लिहून मोकळा होई. नेमकी तेव्हाच जोडणी तुटली, की परतल्यावर ती नोंद झाली असं समजून ओलांडून जाई. गुरुवारी सकाळी सातलाच ऑफिस गाठून झालंचांनी दोन ओळींची अदलाबदल केली: आधी पोचव, मग लिही. तीच नोंद दोनदा जाऊ नये म्हणून, पुन्हा सुरू होताना शेवटची पलीकडे पोचली आहे का, हे बघण्याची सवयही लावली. मग सगळं पहिल्यापासून लावलं. जोडणी एकदा आपणहून तुटली. दुसऱ्यांदा त्यांनीच खात्रीसाठी केबल उपटली.

चार वाजता साहेब आले. “कालचं ‘झालंच’ झालं का?”

“मोजतोय. थांबा.”

वीस वर्षांत हे उत्तर साहेबांनी ऐकलं नव्हतं. ते खुर्ची ओढून बसले. “काही घोटाळा असेल तर मोकळेपणी सांगा.”

तिकडे बासष्ट हजार चारशे सात, इकडेही तितक्याच. झालंचांनी बाईंची नोंद शोधली. होती.

“झालं,” ते म्हणाले.

साहेबांना मात्र जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.