चार बोटांची खिडकी

भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या तेव्हा सरपंचांचा फोन आला. “मॅडम, काम थांबवलंय. तुमी एकदा येऊन जा.” कारण त्यांनी सांगितलं नाही.

मी आर्किटेक्ट आहे. हे काम राजुरीच्या पुढे एका वस्तीवरच्या अभ्यासिकेचं होतं. वस्तीवरच्या घरांत खोल्या कमी, माणसं जास्त, आणि दुपारी बहुतेक वेळा लाइट नसते. बल्ब न लावता दिवसभर वाचता येईल अशी एक मोठी खोली हवी, एवढीच मागणी होती. दगड लांबून आणावा लागला नाही. विहिरी खोदताना निघालेल्या काळ्या दगडांचे ढीग बांधांवर पडूनच होते. त्यांच्या दीड फूट जाडीच्या भिंती धरल्या, म्हणजे उन्हाळ्यात आत गार राहील. उत्तरेला दार आणि तीन रुंद खिडक्या ठेवल्या. उत्तरेकडून सहसा ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो, त्यामुळे वाचताना पानावर तिरीप पडत नाही. आम्ही त्याला नॉर्थ लाइट म्हणतो. मुलं सतरंजीवर बसणार, म्हणून या खिडक्या गुडघ्याच्या उंचीपासून सुरू होत होत्या. ड्रॉइंगवर हे सगळं छान दिसत होतं.

उत्तरेलाच ऊस होता.

मी पोहोचले तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात बायका जमल्या होत्या. साइटच्या मागच्या गोठ्यातून बिबट्याने वासरू ओढून नेलं होतं. दिवस मावळायच्या सुमाराला, माणसं अंगणात असताना. ओढल्याची खूण आमच्या अर्धवट भिंतीला लागून उसात गेली होती. बिबट्या या भागाला नवा नाही. ऊस उंच झाला की तो त्यातच राहतो, पिल्लंही तिथेच होतात. पण आता सगळ्यांना माझ्या खिडक्यांची भगदाडं दिसत होती.

सरपंच तात्यांनी सरळ सांगितलं की खिडक्या बुजवा आणि ट्यूबलाइट लावा. दुपारी लाइट नसते त्याचं काय, असं मी विचारलं.

शैलाबाई नावाच्या एक बाई पुढे बसल्या होत्या. त्यांची मुलगी काजल बारावीला होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. कॉलेजातून ती दुपारी परत यायची. घरी धाकटी भावंडं आणि टीव्ही. ही खोली झाली नाही तर तिला पुण्याला मामाकडे ठेवायचं चाललं होतं. मामाच्या घरी कामाला माणूस हवंच होतं. तिथे अभ्यास किती होईल हे सगळ्यांना कळत होतं. तरी शैलाबाई म्हणाल्या, “तिकडं निदान जित्ती तर ऱ्हाईल.”

मी नवा आराखडा केला. भिंत माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत बंद आणि छपराखाली काचेची लांब पट्टी. उजेड वरून येणार आणि खोलीभर पसरणार. पुठ्ठ्याचं मॉडेल करून नेलं आणि उन्हात ठेवलं. तात्या खूश झाले. बायकांनीही माना डोलावल्या. काजलने वाकून मॉडेलच्या दारातून आत पाहिलं. कसं वाटतंय, असं मी तिला विचारलं.

“गोडाऊन वाटतंय,” ती म्हणाली. “बाहेर काय चाललंय ते दिसत नाय. मग कान सगळे बाहेरच ऱ्हात्यात. वाचायचं कसं?”

मला राग आला. पण मॉडेल परत गाडीत ठेवताना तिचं म्हणणं पटलं. उजेड पुरेसा होता, तरी त्या खोलीत मीही पुस्तक उघडलं नसतं.

त्या भागात शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने सहलीत किल्ल्यावरच्या जंग्या पाहिलेल्या असतात. तटाच्या भिंतीतून बंदूक रोखायला ठेवलेल्या या अरुंद फटी. आमची भिंत जाड होतीच. मी वरची पट्टी तशीच ठेवली आणि खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, अशा फटी काढल्या. बाहेरून चार बोटं रुंद, आतून हातभर. दोन्ही बाजू तिरक्या केल्या की अरुंद फटीतूनही उजेड पसरतो आणि बरंच मोठं शेत दिसतं. याला आम्ही स्प्ले म्हणतो. पंजा आत येईल का, असं शैलाबाईंनी विचारलं. मी बाहेरून जाडजूड जाळी बसवायचं कबूल केलं.

पुढच्या बैठकीला वनरक्षकही आले होते. दिवसा जनावर सहसा माणसांत येत नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. माहिती बरोबर होती, पण कोणाचा चेहरा बदलला नाही. तात्यांनी विषय आवरता घेतला आणि काम सुरू करू म्हणाले.

“खिडकीचं झालं, तात्या,” शैलाबाई म्हणाल्या. “पोरीनं दारातून बाहेर पडायचंच हाय. दाराशी ऊस कोनाचा हाय?”

ऊस तात्यांचाच होता. सगळ्यांना माहीत होतं, आणि आजवर कोणी बोललं नव्हतं. मीही नाही. तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, “तोड झाली की तेवढा पट्टा कांद्याला काढतो. खोडवा ठेवत न्हाई.” खोडवा म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक.

त्यांनी शब्द पाळला. खोली तयार झाली तोवर तिच्यापुढे कांद्याची पात उभी होती. पलीकडच्या रस्त्यापर्यंत सगळं उघडं दिसत होतं.

पहिल्या दिवशी काजलबरोबर शैलाबाईही आल्या. मुलीने वही काढली. आई एका फटीपाशी बसली आणि दुपारभर बाहेर बघत राहिली. लाइट नव्हती, पण कोणाच्या ते लक्षात आलं नाही. ऊन कललं तशा दोघी घरी गेल्या. दुसऱ्या दिवशीही आई आली, पण थोड्या वेळाने खुरपं घेऊन शेतात गेली. नंतर ती यायचीच थांबली. काजल मामाकडे गेली नाही.

बिबट्या अजून त्या शिवारात आहे. वस्तीवरच्या कुत्र्यांची संख्या कमी होते तेव्हा कळतं.

साइट प्लॅनमध्ये आम्ही प्लॉटची हद्द, रस्ता, झाडं आणि उत्तर दिशा दाखवतो. हद्दीबाहेरचा कागद कोरा सोडायची पद्धत आहे. मी आता तिथे शेजारच्या शेतातलं पीक लिहिते, आणि ते कोणाचं आहे तेही.