मास्तरांच्या फळ्यावरची तिसरी ओळ

इंगोले मास्तर फळा लिहीत असताना कोणाशी बोलत नसत. सकाळी ओल्या फडक्यानं कालचा दिवस पुसायचा, फळा वाळेपर्यंत माझ्या गाडीवरची एक काकडी उचलून खायची, आणि मग चौकाकडे पाठ करून तीन ओळी लिहायच्या. पहिली अकोल्याची, दुसरी देशाची, तिसरी खेळाची. आजच्याच तारखेला पूर्वी काय घडलं ते. मधे कोणी हाक मारली तर मागे न बघता हात वर करायचे. माणूस गप्प बसायचा.

जठारपेठेत माझी भाजीची गाडी त्या फळ्याखालीच लागते. मी तिसरी शिकलेला माणूस. वाचता येतं, सावकाश. मास्तर शाळेत खेळ शिकवायचे, निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग काढला. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. त्यांना स्वतःला पळताना कोणी पाहिलं नव्हतं. जन्मभर शिट्टी वाजवून दुसऱ्यांना पळवलं.

फळ्यावर नाव यावं म्हणून लोक चकरा मारायचे. एका पुढाऱ्याचा माणूस साहेबांचा वाढदिवस घेऊन आला. मास्तर म्हणाले, "साहेबाले म्हणा, आधी काहीतरी करा, मंग वर्षभर थांबा." वर्ष उलटल्याशिवाय गोष्ट फळ्यावर चढत नाही, हा त्यांचा कायदा. मला म्हणायचे, "दादाराव, ताजं तू इक. शिळं माह्याकडे."

तिसऱ्या ओळीवर त्यांचा भारी जीव. खेळाचं कशाला लिहिता, जागा भरायला का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "पहिल्या दोन ओळीत कोणी ना कोणी मेलेलं असते, गड्या. तिसरीत कोणीतरी पयते."

माझी बायको अनसूया गाडीमागे बसून मेथीच्या जुड्या बांधता बांधता पडली. मास्तर तेव्हा दुसऱ्या ओळीवर होते. खडू टाकून ते ऑटो आणायला पळाले. एक चप्पल फळ्याखालीच राहिली. मी जुडी हातात धरून उभा होतो. ऑटो आला, दवाखाना आला, डॉक्टरनं मान हलवली. मला काही वाटलं नाही. लोक रडत होते, मी त्यांच्याकडे बघत होतो.

तेरवी झाल्यावर मी मास्तरांना म्हटलं, पहिल्या ओळीत ती गेल्याचं लिहा. सारी उमर ती ह्याच चौकात बसली. हे अकोल्याचं नाही तर कुठलं? मास्तर फडकं पिळत राहिले.

"वर्ष होऊ दे."

"कायदा परक्याले सांगा. मलेही काय?"

"तुलेही."

तेव्हापासून मी बोलणं बंद केलं. काकडी ते उचलत राहिले, मी अडवलं नाही, पण तोंड फिरवून उभा राहायचो. चौकातल्यांनी समजावलं, मी ऐकलं नाही. मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही.

त्याच सालात मास्तरांना छातीचं दुखणं लागलं. मुलगी त्यांना अमरावतीला आपल्या घरी घेऊन गेली. फळा कोरा पडला. अनसूयेचं वर्ष जवळ आलं, पण मी निरोप धाडला नाही. सांगून आठवण ठेवायला लावायची, तर ती कसली आठवण.

तिथीनं वर्षश्राद्ध उरकलं, तारीख मागाहून आली. त्या सकाळी गाडी लावत होतो, तर ऑटोतून मास्तर उतरले. पहिल्या एसटीनं आले होते. पोट गेलं होतं, शर्ट अंगावर लोंबत होता. त्यांनी फळा पुसला आणि काकडी न घेताच लिहायला लागले. पहिल्या ओळीत कुठल्याशा पुलाचं आलं. दुसरीत देशाचं. मी मान फिरवली. नंतर खडू थांबल्यावर बघितलं, ते दोनदा वाचलं. तिसऱ्या ओळीत होतं: अनसूयाबाई, भाजीवाल्या, डोक्यावर पाटी घेऊन धावण्याच्या शर्यतीत पहिल्या.

शर्यत खरी. चौकातल्या बायकांची, मास्तरांनीच भरवलेली. अनसूया पाटीला हात न लावता पळाली होती. बक्षिसाचा स्टीलचा डबा अजून घरात आहे. पण ती झाली होती सव्वीस जानेवारीला, आणि हे पोळ्याचे दिवस.

वर्षभरानं मी तोंड उघडलं. "मास्तर, तारीख चुकली."

"माहीत हाय मले."

"मंग?"

"पहिल्या ओळीत नाही लिवत मी तिले."

एवढं बोलून त्यांनी काकडी उचलली. खाल्ली नाही, खिशात घातली, आणि स्टँडाकडे चालू लागले.

दिवाळीनंतर अमरावतीहून फोन आला. मी गेलो, खांदा दिला, दुसऱ्या दिवशी गाडी लावली. रडू आलं नाही. वांगी तोलली, मिरच्या तोलल्या. दुपारी चौकातली मंडळी हार आणि रंगीत खडू घेऊन आली, फळ्यावर श्रद्धांजली लिहायला. मी आडवा उभा राहिलो. म्हटलं, वर्ष होऊ द्या.

पानठेल्यावाला म्हणाला, "दादाराव, तुमीच तर याच्यापायी भांडले होते ना?"

"भांडलो होतो. वर्ष होऊ द्या."

आता फळा मीच लिहितो. पेपरात बघून उतरवतो, अक्षर वाकडं येतं. मधे कोणी हसलं तर हात वर करतो. अकोल्याची ओळ बहुतेक कोरीच जाते, गावचं जुनं मास्तरांनाच ठाऊक होतं.

मास्तरांचं वर्ष अजून भरायचं आहे. भरलं की पहिल्या ओळीत त्यांचं नाव येणार नाही. तिसऱ्या ओळीत येईल: इंगोले मास्तर, ऑटो आणायला, एका चपलेनं पळाले.

तारीख जुळणार नाही.