टेक्निशियन येऊन गेला

देवानंद खोब्रागडे यांना राग यायला मुहूर्त लागत नसे. पण त्या दिवशी बॉयलरचं दार उघडून आत टॉर्च मारला आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कोणी केलं?"

जावई, धम्मदीप, मागेच उभा होता. "मीच, बाबा. लास्ट विंटरला. यूट्यूब बघून."

"साधं सिमेंट? भट्टीत साधं सिमेंट? अरे, काय अंगणातला ओटा बांधत होतास?"

बॉयलर म्हणजे घरामागे चाळीसेक पावलांवर उभी असलेली, धुराडं असलेली पत्र्याची खोलीच. आत लाकडं जळायची, गरम झालेलं पाणी जमिनीखालच्या पाइपातून घरात जायचं, आणि स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावापासून वीस मैलांवरचं ते जुनं फार्महाउस त्याच्यावर ऊब धरून राहायचं. लोखंड जळू नये म्हणून आतून भट्टीच्या विटांचं अस्तर. त्यातल्या चार विटा उभ्या चिरलेल्या, दोन निखळून खाली पडलेल्या, आणि सांध्यांतल्या सिमेंटचा भुगा झालेला. ओले ओंडके लांबून भिरकावायचे, वरून सळीने ढोसायचं. विटांनी तरी किती सोसायचं?

देवानंदांनी चौतीस वर्षं हेच काम केलं होतं. चंद्रपूरकडच्या एका पोलाद कारखान्यात भट्ट्यांना आतून विटा रचणारा मिस्त्री. भट्टी पुरती निवायची वाट बघायला कंपनीला वेळ नसे, म्हणून पायांना ओली पोती गुंडाळून आत उतरायचं. वीट बोटाने टकटक वाजवून ती जिवंत की मेलेली, हे ते सांगत. मोठमोठे साहेब 'खोब्रागडे, पेटवू का?' असं विचारल्याशिवाय आग लावत नसत. आणि इथे जावई सिमेंट थापून मोकळा!

"मी करतो दुरुस्त," ते म्हणाले.

"अजिबात नाही," घरातून मुलीचा आवाज आला. हर्षिता युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवायची, आणि घरातही तिचा आवाज वर्गातलाच असे. "आयुष्यभर विटाच रचल्यात ना, बाबा? आता बसा. मी टेक्निशियन बुक केलाय."

बसा! बायको गेल्यावर ते लेकीकडे कायमचे आले, तेव्हापासून हा एकच शब्द त्यांच्या कानावर आदळत होता. चहा घ्या आणि बसा. टीव्ही लावून देते, बसा. मी काय पेशंट आहे का, असं ते भिंतीला विचारत, कारण दिवसभर ऐकायला दुसरं कोणी नसे.

टेक्निशियनची तारीख मिळाली ती डिसेंबरच्या शेवटची. आणि सहा डिसेंबरला, शनिवारी, महापरिनिर्वाण दिनाचा कार्यक्रम यंदा यांच्याच घरी. बावीस माणसं, त्यातली काही हर्नडनहून चार तास ड्राइव्ह करून येणार, मुक्काम करणार. बाहेर थंडी अशी की नाक गळून पडावं.

मंगळवारी हर्षिता कॉन्फरन्सला शिकागोला गेली, आणि धम्मदीप हळूच सासऱ्याजवळ आला. "बाबा, तुम्हाला खरंच जमेल?"

"जमेल का म्हणून काय विचारतोस? विटा आण. भट्टीच्या. आणि फायरक्लेचा, आगीत टिकणाऱ्या मातीचा गारा. सिमेंट आणलंस तर तुलाच आत रचतो."

"आणतो. पण हर्षिताला सांगायचं नाही. ती मला फाडून खाईल. टेक्निशियन लवकर येऊन गेला असं सांगू."

देवानंदांना ते मुळीच आवडलं नाही. पण हात शिवशिवत होते. त्यांनी मान डोलावली, आणि तिथेच चुकले.

बुधवारी आग विझवून राख उपसली. घरात दोन लहान हीटर लावले. गुरुवारी ते अंग दुमडून बॉयलरच्या तोंडात कमरेपर्यंत शिरले आणि छिन्नीने जुनं सिमेंट खरवडून काढलं. गुडघे दुखत होते, पाठ बोंबलत होती, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ते गुणगुणत होते. प्रत्येक वीट पाण्यात बुडवून, गाऱ्याचा पातळ हात देऊन, थापीच्या दांड्याने ठोकून बसवली. फुगायला जागा म्हणून कडेला बोटभर फट सोडली. संध्याकाळी अस्तरावरून हात फिरवला तेव्हा सांधा बोटाला लागत नव्हता.

"आता नीट ऐक," ते धम्मदीपला म्हणाले. "यात पाणी आहे. ते हळूहळू निघू द्यायचं. उद्या नुसत्या काटक्या, परवा मनगटाएवढी लाकडं. रविवारपर्यंत मोठा ओंडका आत जाता कामा नये. घाई केली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि सगळं फुटतं."

"ओके, बाबा."

शुक्रवारी रात्री हर्षिता परतली. घर गारठलेलं. "टेक्निशियन येऊन गेला ना? मग?" तिने विचारलं. धम्मदीप पुटपुटला, "तापेल हळूहळू." आता मोठा ओंडका घालू नका असं टेक्निशियन कधी आणि कसं सांगून गेला, हे त्याला रचता येईना. मिस्त्रीच लपवला, तर मिस्त्रीचा शब्द कोणाच्या तोंडून सांगणार?

शनिवारी सकाळी धम्मदीप जेवण आणायला गावात गेला. देवानंद आंघोळीला गेले, मग पांढरा शर्ट इस्त्री करत बसले. आणि हर्षिताने पाहुणे थंडीने काकडायला नकोत म्हणून ओकचे सात ओंडके आत कोंबले आणि हवेची झडप पूर्ण उघडली.

बाराला पाहुणे आले. जय भीम, जय भीम. हर्नडनचा सिद्धेश कोट काढता काढता म्हणाला, "काका, रिटायर्ड का? काय करत होतात?"

देवानंद तोंड उघडणार, तेवढ्यात हर्षिता म्हणाली, "बाबा स्टील प्लँटमध्ये इंजिनिअर होते."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती पाण्याचे ग्लास भरत होती. आणि मागून आवाज आला: फट्! मग आणखी एक, मोठा.

सगळे मागच्या अंगणात धावले. बॉयलरच्या दाराच्या फटींतून पांढरी वाफ आणि काळा धूर एकदमच बाहेर पडत होता. देवानंदांनी झडप बंद केली, लांब सळीने दार उघडलं. दोन विटांचे पुढचे पापुद्रे उडाले होते, अख्खा एक सांधा बाहेर आला होता.

"व्हॉट नॉनसेन्स!" हर्षिता ओरडली. "परवाच टेक्निशियन येऊन गेला!"

"कंप्लेंट टाका, यार," सिद्धेश म्हणाला. "कुठला अडाणी पाठवला होता? काका, तुम्ही तर इंजिनिअर. तुम्हीच सांगा, हे काय काम आहे?"

"तो अडाणी मी आहे!"

त्यांनी सळी जमिनीवर आपटली.

"मी केलंय हे काम. आणि उत्तम केलं होतं. फोडलं हिने. काहून फोडलं? कारण हिला सांगितलंच नाही कोणी. काहून नाही सांगितलं? कारण हिच्या बापाने विटेला हात लावणं हिला चालत नाही!" ते लेकीकडे वळले. "इंजिनिअर! चौतीस वर्षं मी भट्टीत भाजून निघालो. त्या विटांवर तू शिकलीस, प्रोफेसर झालीस. आणि चार लोकांत बापाचं काम सांगायला तुला लाज वाटते?"

"लाज नाही वाटत, बाबा."

"मग खोटं काहून बोललीस?"

हर्षिताचा वर्गातला आवाज कुठे गेला कोण जाणे. "तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. "मी पाचवीत होते. नव्या शाळेचा फॉर्म भरताना तुम्ही म्हणालात, बाई विचारतील तेव्हा मिस्त्री म्हणू नकोस. आडनाव ऐकून आधीच मागे बसवतील. इंजिनिअर म्हण. मी तेव्हापासून तेच म्हणतेय. कोणी थांबव म्हणालंच नाही."

देवानंदांना तो फॉर्म आठवला. निळ्या शाईच्या पेनने त्यांनीच तो शब्द लिहिला होता, आणि लिहिताना हात जराही थांबला नव्हता. इतका वेळ पेटलेला राग आता कोणावर काढावा, हेच त्यांना कळेना.

धूर डोळ्यांत जात होता. त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. इस्त्रीवर काळा पट्टा उमटला.

"सिद्धेश," ते खेकसले, "मी इंजिनिअर नव्हतो. भट्टीचा मिस्त्री होतो. सगळ्यांनी ऐकलं? आता आत जा, घर गार आहे, कोट घालूनच बसा, कार्यक्रमाला उशीर होतोय. तू थांब, हर्षू. उरलेले ओंडके बाहेर ओढायचेत. हातमोजे घाल आधी, आणि मी सांगीन तसंच धर."

हर्षिताने हातमोजे घातले.