हैदराबाद रोडवरच्या लाल रेघा

रात्रीच्या गाड्यांचा फोटो रात्री काढायचा नसतो. हे मी आजवर किती पोरांना सांगितलं असेल! तरी पोरं जेवणखाण आटोपून रोडवर जातात आणि दुसऱ्या दिवशी माझ्या स्टुडिओत येऊन म्हणतात, काका, सगळं काळंच आलं. नाही तर काय येणार? अरे लेकहो, सूर्य बुडाल्यावर आभाळ थोडा वेळ निळं राहतं, बाभळी ओळखू येतात, रोड कुठं संपतो अन् वावर कुठं सुरू होतं ते दिसतं. तेवढ्यात उरकायचं. मग गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा त्या निळ्यावर उमटतात.

मला हे कोणी शिकवलं नव्हतं. पांढरकवड्याच्या एका स्टुडिओत मी कामाला होतो. लग्न, बारसं, पासपोर्ट, एवढंच काम. कापसाचे वाईट दिवस होते आणि बाहेरून कॅमेरेवाले सारखे यायचे. आमच्याकडून रोल घ्यायचे अन् विचारायचे, रडणारं घर कोणतं आहे का जवळपास? माझं डोकं फिरायचं. कापसाला भाव नव्हता हे खरं, कोण नाही म्हणतो? पण आमच्या घरी त्याच दिवसांत माय बाबांना चिडवत होती, बाबा बैलांशी गप्पा मारत होते, अंगणात भाकरीवर ठेचा खाऊन आम्ही पोट धरून हसत होतो. त्याचा फोटो कोणालाच नको होता. मग मी ठरवलं की आपणच काहीतरी देखणं काढू. आमच्याकडे देखणं काय, तर सांजच्या वेळचा हैदराबाद रोड.

मालकाचा जुना कॅमेरा मागून घेतला. त्यात शटरच्या चक्रीवर ‘बी’ असं एक घर होतं. तिथं चक्री ठेवली की बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं. बोटानं दाबाल तर कॅमेरा हलतो, म्हणून तारेचं बटण लावायचं. लेन्सचं तोंड बारीक करायचं, म्हणजे हेडलाइटचा भगभगाट होत नाही. फ्लॅश लावायचा नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लग्नाच्या फोटोग्राफरचं बोट सवयीनं तिकडेच जातं, आणि पहिल्या दिवशी मी ट्रकवर फ्लॅश मारला तेव्हा ड्रायव्हरनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घड्याळ अंधारात दिसत नाही, तर तोंडानं मोजायचं. मी मोजायचो, एक गठाण, दोन गठाण, तीन गठाण. कापसाच्या गावात दुसरं काय मोजणार?

आणि ट्रायपॉड रोडपासून लांब ठेवायचा, झाडाच्या आड. त्याचंही कारण आहे. त्या काळात रोड मोठा होणार अशी चर्चा होती. तीन पायांवर काहीतरी उभं करून माणूस त्यात डोळा घालतो, म्हणजे मोजणीवालाच. मी कॅमेरा लावला रे लावला की वावराच्या धुऱ्यावरून कोणीतरी धावत येणार. “साहेब, आमचं वावर किती जाते?” एक आजोबा तर माझ्यासाठी चहा घेऊन आले. मी म्हटलं, आजा, मी फोटोवाला. त्यांचा काही विश्वास बसला नाही. म्हणाले, “तसं तं सगळेच म्हणते. पण बाभळीकडून न्या ना थोडा रोड.” मी चहा पिऊन घेतला.

आता बाबांचं सांगतो. वेचणी झाली की आमच्या गावच्या बैलबंड्या कापूस घेऊन पांढरकवड्याला जायच्या आणि दिवस बुडता बुडता रिकाम्या परत यायच्या. बंड्या एकामागं एक चालायच्या. कंदील फक्त पहिल्या बंडीच्या आसाखाली, मागून पाहाल तर मागच्या बंड्यांनी झाकलेला. मागच्यांना कंदील लागत नाही, बैल पुढच्या बंडीच्या मागं आपोआप चालतो आणि बंडी हाकणारा धुरकरी खुशाल डोळा लावतो. पिढ्यानपिढ्यांची रीत. सगळ्यांत मागं नेहमी आमचे बाबा, कारण आमची जोडी गुणाची होती. अवखळ बैल मधे ठेवायचे, शहाणे मागं.

माय रोज कटकट करायची. “आपल्याही बंडीले एक कंदील बांधा ना.” बाबांचं उत्तर ठरलेलं. “कंदील बैलाले पाह्याले असते. बैल पुढं हाये. मागं कोणाले दाखवू, भुताले?” संध्याकाळ झाली की माय दारात उभी राहायची. घुंगरांचा आवाज आला की मगच आत जाऊन तवा ठेवायची. हसत-खेळत असायची बाई, पण तेवढा वेळ तिच्याशी कोणी बोललेलं तिला चालत नसे.

त्या दिवशी मी रोडच्या सरळ उतारावर, जरा उंचावर कॅमेरा लावला होता. आभाळ असं सुरेख निळं, की वा! तेवढ्यात आमच्याच गावच्या तीन बंड्या आल्या.

“काय करून राह्यला बे इथं?” शेवटच्या बंडीवरून बाबा ओरडले.

“फोटो काढून राह्यलो. गाड्यांचा.”

“मंग हे काय हाये? हे गाडी नाई का?” त्यांनी बंडीच्या लाकडावर थाप मारली. पुढचे दोघंही हसले.

“निघा बाबा तुमी, फ्रेम खराब होऊन राह्यली!”

बंड्या उतारानं खाली गेल्या. मागून ट्रकचा आवाज आला तसं मी बटण दाबलं आणि डोळे आभाळाकडे लावून गठाणी मोजू लागलो. खाली कुठंतरी करकचून ब्रेक वाजला, हॉर्न वाजला. त्या रोडवर ब्रेक आणि हॉर्न कधी वाजत नाहीत? मी शटर बंद केलं, पुढची फ्रेम ओढली आणि खुशीत घरी गेलो. बाबा जेवत होते. मागून वाजणाऱ्या हॉर्नची त्यांना रोजचीच सवय, ट्रकचा विषयही निघाला नाही.

रंगीत रोल धुवायला नागपूरला जायचा. लग्नांच्या पाकिटांबरोबर माझं पाकीट आलं. फोटो पाहिला आणि मी दुकानातच उडी मारली. निळं आभाळ, काळ्या बाभळी आणि रोडवरून दूर जाणाऱ्या ट्रकच्या दोन लाल रेघा. मालक म्हणाले, झकास! मग त्यांनी बोट ठेवलं. “पण हे काय? इथं ट्रायपॉड हलला तुझा.” खरंच, दोन्ही रेघा खाली जाऊन एका जागी झटक्यानं बाजूला गेल्या होत्या आणि पुन्हा सरळ झाल्या होत्या. मी चिडलो. कॅमेरा हलला असता तर बाभळीही हलल्या असत्या ना! बाभळी जागच्या जागी होत्या. हलला होता तो ट्रक.

रेघा कशाला तरी वळसा घालून गेल्या होत्या आणि तिथं फोटोत काहीच नव्हतं. नुसता काळा रोड. मग मला तो ब्रेक आठवला. मी फोटो खिशात घातला आणि सायकल काढली.

घरी गेलो. मायनं फोटो बल्बखाली धरला आणि कौतुकानं विचारलं, “हे लाल पट्टे कायचे?” म्हटलं, ट्रकचे मागचे दिवे. बाबांनी फोटो तिच्या हातातून घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“हा ड्रायव्हर दारू पेला होता काय? इथं वाकडा काहून गेला?”

“बाबा, तिथं तुमी होते.”

“मी? कुठं दिसून राह्यलो मी?”

“नाई दिसून राह्यले. त्यालेही नाई दिसले.”

बाबांनी त्या काळ्या रोडवर बोट ठेवलं. माय उठून चुलीपाशी गेली. तिची पाठ आमच्याकडे होती, पण ती रडत होती हे आम्हा दोघांनाही कळत होतं. बाबा नेहमी काहीतरी बोलून तिला हसवत. त्या दिवशी ते उठले आणि अंगणात जाऊन बंडीच्या मागं उभे राहिले. 

सकाळी त्यांनी स्वतःच दुकानातून नवा कंदील आणला आणि बंडीच्या मागच्या बाजूला बांधला. झालं, गावाला विषय मिळाला. “काहून गा, बंडी उलटी चालवतं काय?” बाबा चिडले नाहीत. फोटो खिशात होता. कापूस घेऊन खरेदीच्या रांगेत थांबलेल्या धुरकऱ्यांना ते तो दाखवायचे, काळ्या रोडवर बोट ठेवून. “हा पाय, हा मी.” समोरचा डोळे बारीक करायचा. “कुठं हाये गा? काईच नाई इथं.” बाबा म्हणायचे, “तेच तं सांगून राह्यलो.” हसणाऱ्यांचं हसू तिथंच थांबायचं. तो हंगाम संपायच्या आत आमच्या गावच्या प्रत्येक रांगेच्या शेपटाला कंदील लागला. माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात याच्याएवढं समाधान मला दुसऱ्या कुठल्या फोटोनं दिलं नाही.

पण मायचं समाधान झालं नव्हतं. “आता काढ फोटो,” ती म्हणाली. “मले पाहू दे, दिसते का ते.”

पुन्हा तोच उतार, तीच वेळ. कंदिलाचा उजेड मंद, म्हणून लेन्सचं तोंड जरा मोठं ठेवलं आणि शटर बराच वेळ उघडं. बंडी तर निवांत चालते. समोरून येणाऱ्या ट्रकच्या हेडलाइटनं सगळं पांढरं होऊ नये म्हणून तेवढ्या बाजूपुरता लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरला. नव्यांनी ही युक्ती शिकून घ्यावी, फार उपयोगी पडते.

पाकीट आलं तसं मी सायकल हाणत घरी गेलो. या खेपेला ट्रकच्या रेघा लांबूनच, सावकाश बाजूला सरकल्या होत्या. आणि रोडच्या कडेनं, अगदी खाली, एक बारीक पिवळी रेघ होती, बैलाच्या चालीनं हेलकावत गेलेली. मायनं पदरानं हात पुसला आणि त्या रेघेवरून बोट फिरवत नेलं. अर्ध्या उतारावर बोट थांबलं. तिचा चेहरा उतरला.

“इथं काहून तुटली?”

“काई नाई झालं माय. तिथं मी शटर बंद केलं.”

“बंद कायले केलं?” ती माझ्यावर खेकसली. “घरी येऊ द्याचं होतं ना त्याईले!”